शांततेचा डबा

ओडेन्स स्टेशनात गाडीची दारं मिटता मिटता ते दोघं आत शिरले. आधी एक निळी नायलॉनची पिशवी आली, मग फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा, मग बाई, आणि त्यांना मागून जवळजवळ ढकलत एक गृहस्थ.

"चढलीस का? पाय घे आत. पाय!"

"घेतला की वो. पिशवी दबली बघा."

"दबूंदे. गाडी मिळाली न्हवं?"

डब्यातल्या सगळ्या माना वर झाल्या. तो डबा शांततेचा होता. डेन्मार्कच्या गाड्यांत असा एक भाग राखून ठेवलेला असतो. खिडकीवर ओठांवर बोट ठेवलेलं चित्र असतं. तिथं फोनवर बोलायचं नाही, मोठ्यानं गप्पा मारायच्या नाहीत. मी कोपनहेगनला मुद्दाम तिथली जागा मागून घेतली होती. तासभर त्या डब्यात पान उलटल्याचाही आवाज ऐकू येत होता, आणि आपण जन्मभर शोधत होतो ती जागा ही, असं मला वाटायला लागलं होतं.

सगळ्यांनी त्या दोघांकडे पाहिलं. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. डब्यात त्या रंगाचे आम्ही तिघंच होतो.

माझ्या मांडीवर एक मराठी पुस्तक उघडं होतं. ते मी कोटाखाली सरकवलं आणि रेल्वेचं वेळापत्रक हातात घेतलं.

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा होतो. मिरजेच्या एका वाचनालयात चौतीस वर्षं नोकरी करून मोकळा झालो होतो. त्याआधी एकदाच सहलीच्या कंपनीबरोबर उत्तर भारतात गेलो होतो, आणि त्या दहा दिवसांत बसमधल्या बहुतेक सगळ्यांनी मला लग्न का केलं नाही हे विचारून झालं होतं. म्हणून या वेळी एकटा आलो. डेन्मार्क निवडला, कारण तो लहान होता. नकाशावर तळहात ठेवला तर झाकला जाईल एवढा. आठ दिवसांचा पास काढायचा, रोज सकाळी एका दिशेला जायचं, रात्री खोलीवर परत यायचं. मोठा देश मला झेपला नसता. त्या दिवशी मी पश्चिमेच्या किनाऱ्यावर एस्बियर्गला निघालो होतो. तिथं समुद्राकडे तोंड करून बसलेले चार प्रचंड पांढरे पुतळे आहेत, ते पाहायला.

ते दोघं येऊन नेमके माझ्या समोरच्या जागांवर बसले. गृहस्थ माझ्याच वयाचे, डोक्यावर कानटोपी, पायांत नवेकोरे बूट. बाई साठीच्या आतबाहेर. जाड स्वेटरवरून पदर घेतलेला, कपाळावर मोठं कुंकू. पलीकडच्या बाजूला एक डॅनिश बाई लोकर विणत बसल्या होत्या. त्यांनी सुया थांबवल्या, हसल्या, आणि पुन्हा विणायला लागल्या.

"नमस्ते," गृहस्थ मला म्हणाले. "इंडिया?"

मी मान हलवली.

"वा! महाराष्ट्र?"

"नो," मी म्हणालो. "केरला."

असं का म्हणालो हे मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे. ठरवलेलं काही नव्हतं. 'हो' म्हटलं असतं तर कुठले, काय करता, मुलंबाळं किती, सगळं त्या शांततेत मोठ्यानं झालं असतं आणि माना पुन्हा वळल्या असत्या. तोंडातून एक शब्द निघून गेला, एवढंच.

"मराठी नो?"

"नो."

"हिंदी?"

"लिटल."

"केरळचं हाईत," ते बायकोला म्हणाले. "नारळाच्या मुलखातलं."

"व्हय? तोंडावरनं आपल्याकडचंच वाटायलेत." बाईंनी मला नीट न्याहाळलं. "एकटंच दिसतेत. लगीन झालेलं न्हाई बघा ह्यांचं."

"तुला काय ठावं?"

"स्वेटरचं बटण तुटलंय, तिथं टाचणी लावलीया. बाई असती घरात तर लावू दिली असती का टाचणी?"

मी वेळापत्रकातून मान वर केली नाही. टाचणी गेल्या हिवाळ्यापासून तिथं होती.

बाईंनी फडकं सोडलं, डब्यातून करदंटाचा एक तुकडा काढला आणि माझ्यापुढे धरला. डिंक, खोबरं, सुकामेव्याचा तो गोड तुकडा मी चाळीस वर्षांत खाल्ला नव्हता. लहानपणी मामा गोकाकहून आणायचे.

"अगं, ते रणजीतला न्यायलीस न्हवं?"

"एक कमी पडला तर काय हुतंय. घ्या भाऊ, घ्या."

"थँक यू," मी म्हणालो आणि खाल्ला.

मग ते दोघं बोलायला लागले. हळू आवाजात बोलत होते, पण त्यांचा हळू आवाज म्हणजे आपल्याकडे दोन घरं पलीकडे ऐकू जाईल असा. मला समजत नाही हे त्यांनी धरून चाललं होतं. मी वेळापत्रकात डोकं घालून सगळं ऐकत होतो. उठून दुसरीकडे जायला हवं होतं. उठलो नाही.

ते गडहिंग्लजचे. मुलगी तेजू ओडेन्सला राहते, तिच्याकडे महिनाभर आलेले. गृहस्थांना घरात सगळे आप्पा म्हणत असावेत, कारण बाईही बोलताना मुलांच्या तोंडचं म्हणून 'आप्पा' म्हणत होत्या. आप्पा एसटीत होते. डेपोत कंट्रोलर.

"तीस वर्षं गाड्या सोडल्या मी," ते म्हणत होते. "एक पॅसेंजर चुकीच्या गाडीत बसू दिला न्हाई. आन् ही पोरगी मला सांगतीया, नीट विचारून बसा!"

"ती एसटी हुती. आन् हळू बोला, तो माणूस वाचायलाय."

"ऑर्हूस किती वाजता म्हणाली?"

"एक वीस. तो एक वीसलाच येणार फलाटावर. दोनला त्याला कामावर परत जायचंय. चाळीस मिनिटं दिल्यात." बाईंनी डब्याच्या फडक्याची गाठ चाचपली. "सात वर्षांनी चाळीस मिनिटं."

मी वेळापत्रकातलं पान उलटलं. ऑर्हूस. ही गाडी फ्रेडेरिसिया स्टेशनात दोन तुकड्यांत तुटते. पुढची तुकडी उत्तरेला ऑर्हूसकडे जाते, मागची पश्चिमेला एस्बियर्गकडे. कोपनहेगनपासून दोनदा तसं सांगितलं होतं. आम्ही मागच्या तुकडीत होतो.

त्यांना सांगायला हवं, असं माझ्या मनात आलं. अजून अर्धा तास होता. ते स्वतःच कुणाला तरी विचारतील, असंही आलं.

"तुम्ही मातुर फुडं यायचं न्हाई," बाई म्हणाल्या. "तेजूला त्यानं काय सांगितलंय ते ध्यानात हाय न्हवं? आप्पा दिसले तर तिथनंच माघारी फिरणार."

"किती येळा सांगशील?"

"सांगणार. तुमचा भरवसा न्हाई. म्हणशीला, बाप हाय मी."

"न्हाई म्हणत." आप्पांनी कानटोपी काढून मांडीवर ठेवली. "खांबामागं उभा राहतो. तू बोल काय ते. मी नुसता लांबनं बघतो. जाड झालाय का वाळलाय, एवढंच."

"नोटीस दिली तवा आठवलं न्हाई, जाड का वाळला ते."

आप्पांनी कानटोपीची घडी घातली.

"पेपरात छापून आणली," बाई आता खिडकीकडे बघत बोलत होत्या. "आमचा मुलगा रणजीत याच्याशी आमचा कोणताही संबंध राहिलेला नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार करू नये. गावानं वाचली. त्याच्या दोस्तानं कात्रण काढून पाठवलं त्याला. तेजू म्हणती, अजून ठेवलंय त्यानं ते."

"चुकलं गं."

"मला सांगून काय उपेग?"

"मग त्याला सांगू दे की."

"आधी मला भेटू दे. मी सांगते त्याला, आप्पा चुकलं म्हणत्यात म्हणून. माझं ऐकल तो. आज न्हाई भेटलं तर पुन्हा न्हाई भेटायचा. त्याचा स्वभाव तुमच्यावरच गेलाय."

त्यांच्या बाजूच्या खिडकीतून सपाट हिरवी शेतं जात होती, मधूनच लाल कौलांचं एखादं घर. मी तिकडे बघत राहिलो. आता मराठीत तोंड उघडायचं म्हणजे नोटीस, कात्रण, खांब, टाचणी सगळं मी ऐकलं आहे हे कबूल करायचं होतं. जितका वेळ जात होता तितकं ते अवघड होत होतं.

तेवढ्यात आप्पांचा फोन वाजला. मोठ्या आवाजात, कुठल्याशा आरतीची धून.

"हां, तेजू! बसलो बसलो! गाडी मिळाली! हां, पळतच आलो! आईचा गुडघा बरा हाय! अगं, हां, हां!"

पुढच्या रांगेतल्या एका माणसानं वळून पाहिलं. त्यानं आप्पांकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी आप्पांकडे बघून खिडकीवरच्या चित्रावर बोट टेकवलं. ओठांवर बोट ठेवलेलं ते चित्र.

आप्पा चमकले. "सॉरी सर, सॉरी सॉरी." ते फोन कानाला तसाच धरून उठले. "थांब गं तेजू, हितं बोलायला बंदी हाय. फुडच्या डब्यात जातो." आणि बायकोला म्हणाले, "बस तू. आलोच."

डब्याच्या टोकाचं काचेचं दार उघडून ते पुढे गेले. त्या गाड्यांना दोन तुकड्यांच्या मधूनही चालत जाता येतं. मध्ये रबराची एक जाड काळी चौकट असते, ती ओलांडली की माणूस पुढच्या तुकडीत. आपण कशातून कशात गेलो हे कुणाच्या लक्षातही येत नाही.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. आप्पा आले नाहीत. बाई दाराकडे बघत होत्या, मग पिशवीकडे, मग माझ्याकडे.

"ह्यांचं बोलणं संपत न्हाई," त्या मला म्हणाल्या. मला कळत नाही हे माहीत असूनही म्हणाल्या, माणूस मांजराशी बोलतो तसं. "फोन पण त्यांच्याकडं, तिकीट पण त्यांच्याकडं."

मग घोषणा झाली. आधी डॅनिशमध्ये, मग इंग्रजीत. पुढचं स्टेशन फ्रेडेरिसिया. गाडीचे तिथं दोन भाग होतील. ऑर्हूसला जाणाऱ्यांनी कृपया पुढच्या भागात बसावं. मागचा भाग एस्बियर्गला जाईल.

बाईंनी कान देऊन ऐकलं. "काय म्हणाले वो?" त्यांनी बोटानं छताकडे दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

मी खांदे उडवले.

ते फार सोपं होतं. शब्दाचीही गरज नव्हती. मी उठून, त्यांची पिशवी उचलून, पुढच्या दाराकडे हात केला असता तरी त्या माझ्यामागून आल्या असत्या. मल्याळी माणसालाही ते करता आलं असतं. पण मला भीती वाटली की त्या विचारतील, मी गोंधळेन, आणि तोंडातून मराठी निघेल. मी मनाशी म्हटलं, आप्पा परत येतील. कंडक्टर येईल. कुणीतरी येईल.

गाडी समुद्राच्या चिंचोळ्या पट्ट्यावरच्या पुलावर चढली. खाली निळं पाणी चमकलं. बाईंनी ते पाहिलं नाही.

विणणाऱ्या बाईंनी सुया खाली ठेवल्या आणि त्या माझ्याकडे झुकून इंग्रजीत हलक्या आवाजात म्हणाल्या, "या बाई एस्बियर्गला चालल्यात ना? त्यांचे यजमान पुढे गेलेत, म्हणून विचारते. तुम्ही सांगाल का त्यांना?"

"मला त्यांची भाषा येत नाही," मी म्हणालो.

"अच्छा. पण त्या कुठे चालल्यात, तुम्हाला ठाऊक आहे?"

"नाही," मी म्हणालो. "ठाऊक नाही."

त्या बाईंनी हसून त्यांना विचारून पाहिलं, "एस्बियर्ग?" आमच्या बाईंना वाटलं त्या काहीतरी चौकशी करताहेत. त्यांनीही हसून मान डोलावली, जशी आपण परक्या भाषेतल्या कुठल्याही प्रश्नाला डोलावतो. विणणाऱ्या बाई समाधानानं मागे टेकल्या.

फ्रेडेरिसियाला गाडी चार मिनिटं थांबली. मी घड्याळाकडे बघत होतो म्हणून सांगू शकतो. चार मिनिटं हा फार मोठा वेळ असतो. काही माणसं उतरली, काही चढली. कुठेतरी लोखंड सुटल्याचा एक धक्का बसला, फार मोठा नाही. बाईंनी डबा मांडीवर घट्ट धरला.

आणि मग गाडी निघाली. उलटी. ज्या बाजूनं आली होती त्याच बाजूला.

"ही मागं का निघाली?" बाई म्हणाल्या. "अहो, ही मागं का चाललीया?"

त्या डबा घेऊनच उठल्या आणि आप्पा गेले होते त्या दाराकडे गेल्या. मी बसल्या जागेवरून पाहिलं. काचेचं दार उघडलं, पण त्यापुढची वाट बंद झाली होती. तिथं एक दार होतं आणि त्याला एक छोटी काच. काचेपलीकडे रूळ होते. रुळांवर, आता बरीच दूर, गाडीचा पुढचा अर्धा भाग उभा होता आणि लहान होत चालला होता.

"अहो!" त्यांनी दारावर हात मारला. "अहो! थांबवा की! अहो!"

त्या हाकेनंतर डब्यात जी शांतता पसरली तशी मी आधी कधी ऐकली नव्हती.

मी उठलो. कोट खाली पडला, त्याच्याखालचं पुस्तकही. मी दारापर्यंत गेलो आणि म्हणालो, "ताई, या. बसा इकडे. घाबरू नका, पुढच्या स्टेशनाला उतरून परत जाता येतं."

त्यांनी मान वळवली. हातातला डबा दारावर आपटून त्याचं झाकण वाकडं झालं होतं.

"तुमास्नी येतंय," त्या म्हणाल्या.



विणणाऱ्या बाई धावत आल्या होत्या. काय झालं, काय झालं, म्हणून विचारत होत्या. मी इंग्रजीत सांगायला लागलो. यांना ऑर्हूसला जायचं होतं. एक वीसला यांचा मुलगा स्टेशनवर येणार आहे. चाळीस मिनिटंच थांबणार आहे. सात वर्षांनी भेटणार आहे. त्याचे वडील पुढच्या भागात गेलेत आणि ते त्याला भेटता कामा नयेत. मुलाचं नाव रणजीत.

त्या नावापाशी बाईंचा चेहरा बदलला. इंग्रजी कळत नसलं तरी ते नाव त्यांना कळलं.

"सगळं ऐकलासा तुम्ही," त्या म्हणाल्या.

विणणाऱ्या बाई माझ्याकडे बघत होत्या. "तुम्ही मघाशी म्हणालात की तुम्हाला..." एवढं म्हणून त्या थांबल्या. मग त्यांनी माझ्याकडे पाठ केली, बाईंच्या खांद्याभोवती हात टाकला, आणि पुढचं सगळं त्यांनीच केलं. कंडक्टरला गाठलं. त्यानं दुसऱ्या भागातल्या कंडक्टरला कळवलं, की एका प्रवाशाला सांगा, तुमची पत्नी मागच्या गाडीनं येत आहे. आप्पांचा नंबर बाईंना पाठ नव्हता, तेजूचाही नाही, सगळे नंबर आप्पांच्या फोनमध्ये. कोल्डिंगला आम्ही तिघं उतरलो. ऑर्हूसची गाडी पाऊण तासानं होती. ती येईपर्यंत विणणाऱ्या बाई थांबल्या. कोल्डिंग त्यांचं गाव नव्हतं, हे मला त्या नंतर एस्बियर्गच्या गाडीकडे वळल्या तेव्हा कळलं. निरोप घेताना त्यांनी बाईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि डॅनिशमध्ये काहीतरी म्हणाल्या. बाई मराठीत म्हणाल्या, "लई केलंसा बाई माझ्यासाठी." दोघींनी माना हलवल्या.

माझा निरोप त्यांनी घेतला नाही. मी पिशवी उचलायला गेलो तर आमच्या बाईंनी ती काढून घेतली. पण गाडी कुठली, उतरायचं कुठं, हे सांगायला मीच होतो, म्हणून त्यांनी मला बरोबर येऊ दिलं.

त्या गाडीत त्या माझ्यासमोर बसल्या नाहीत. मधली वाट सोडून पलीकडे बसल्या. दीड तासात चारदा त्यांनी विचारलं, "अजून किती?" मी सांगत गेलो. एक वीस वाजले, तेव्हा आम्ही फ्रेडेरिसियाही सोडलं नव्हतं. दोन वाजले. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, पण मी माझं पाहिलं ते त्यांनी पाहिलं.

"थांबल का तो?" त्या म्हणाल्या. ते मला विचारलेलं नव्हतं.

"मी त्यांना भेटतो," मी म्हणालो. "तुमच्या मुलाला. सगळं सांगतो, चूक माझी आहे म्हणून."

"काय सांगशीला?"

"की मला मराठी येत होतं. गाडी तुटणार हेही माहीत होतं. आणि तरी मी..."

"तरी तुम्ही काय?"

मला पुढचा शब्द सापडेना. पुस्तकांत आयुष्य गेलं माझं. सापडला नाही.

"मी तुमास्नी करदंट दिला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तवा तोंड उघडलं की तुमचं."

तीनला दहा मिनिटं कमी असताना आम्ही ऑर्हूसला उतरलो. लांबच लांब फलाट होता. आप्पा एका खांबाशेजारच्या बाकावर बसले होते, कानटोपी हातात. आम्हाला पाहून ते उठले. घाईनं आले नाहीत. बाई जवळ जाईपर्यंत तिथंच उभे राहिले.

"कुठाय?" बाई म्हणाल्या.

"गेला."

"आला हुता?"

"आला हुता. वेळेवर आला. मी ह्या खांबामागं हुतो, तू सांगितलंस तसा." आप्पा बोलताना खांबाकडे हात करत होते. "तो सगळे डबे बघायला लागला. हिकडनं तिकडं, तिकडनं हिकडं. तू दिसंना. मला वाटलं, आता हा म्हणल, आई आलीच न्हाई. आईनं पण फसवलं. म्हणून मी फुडं झालो. नुसतं तेवढं सांगाय. आई मागच्या गाडीनं येतीया, गाडी तुटली, असं सांगाय."

"मग?"

"म्हणाला, तिला आणायचंच नव्हतं तर सरळ सांगायचं. तिच्या नावावर तुम्ही कशाला आला. मी शपथ घेतली. म्हटलं, थांब तासभर, बघ येती का न्हाई. म्हणाला, गाडी तुटती ठावं हाय, पण आई चुकीच्या भागात बसंल कशी, एसटीत हुता न्हवं तुम्ही?" आप्पांनी कानटोपी पिळली. "तेजूनं चार येळा फोन केला त्याला. उचलत न्हाई. तिला पण म्हणत असंल, तू पण सामील हैस."

बाईंनी डबा बाकावर ठेवला. वाकडं झालेलं झाकण बोटांनी दाबून बसवायचा प्रयत्न केला. ते बसेना.

मी तीन पावलांवर उभा होतो. गाडी तुटली हे पाहिलेला, घरातला नसलेला, रणजीतला फोन लावून सांगू शकणारा एकच माणूस त्या फलाटावर होता. काय बोलायचं ते मी दीड तास जुळवलं होतं. मी एक पाऊल पुढे टाकलं.

तेवढ्यात आप्पांचं लक्ष माझ्याकडे गेलं. त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, हे तर ते मघाचं केरळचं! ह्यांनी आणलं तुला? एवढं लांब?" ते बायकोला म्हणाले, "देवमाणूस हाय बघ. ओळख ना पाळख. आन् मी त्यांना तरास दिला, फोनवर बोंबलत बसलो." मग माझ्याकडे वळून, गहिवरून, विसरून, मराठीतच म्हणाले, "तुमचे उपकार कसं फेडू वो मी?"

मी बाईंकडे पाहिलं. मी बोलणार होतो. मी बोलणार होतो, असं मला वाटतं.

बाईंनी डबा फडक्यात बांधला, गाठ मारली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "त्यांना मराठी येत न्हाई. चला."

"आरं, व्हय की," आप्पा म्हणाले. त्यांनी माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि जोरजोरानं हलवला. "थँक्यू सर. थँक्यू. व्हेरी गुड मॅन."

"वेलकम," मी म्हणालो.